मुकादम

आमच्या ऑफिसात एक प्रोग्रॅम आहे, त्याला स्वतःला काहीही येत नाही. डिस्क किती भरली हे मोजता येत नाही, एका सर्व्हरवरच्या फाइली दुसरीकडे नेता येत नाहीत, डेटाबेसचा बॅकअप घेता येत नाही, सर्टिफिकेटची मुदत वाचता येत नाही. या प्रत्येक कामाला लिनक्समध्ये कुणी ना कुणी जाणकार आधीच बसलेला असतो. डिस्कसाठी डीएफ, फाइलींसाठी आरसिंक, पोस्टग्रेससाठी पीजी-डंप, सर्टिफिकेटसाठी ओपनएसएसएल. आमचा प्रोग्रॅम त्यांना हाक मारतो, कामाला लावतो आणि काय झालं ते आम्हाला सांगतो. काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं, पुढे कामाचं नाव, आणि एंटर. मी तो लिहिला तेव्हा त्याचं नाव ठेवलं मुकादम.

माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. दसरा झाला की गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. मुकादम कारखान्याकडून उचल आणायचा, कोयत्याकोयत्याला वाटायचा (कोयता म्हणजे तिकडे नवरा-बायकोची जोडी) आणि हंगामभर स्वतः एक ऊसही तोडायचा नाही. मामी त्याला आयतखाऊ म्हणायची. पण उचल घेतलेली एखादी जोडी मधूनच निघून गेली, तर कारखाना त्या जोडीच्या मागे लागत नसे, मुकादमालाच धरत असे. मुकादमांचे बाकीचे पराक्रम मला माहीत आहेत, त्यांची भलामण करायची नाही. नाव ठेवताना ही एवढीच बाजू घेतली. काम दुसऱ्याने केलं, तरी जाब याला द्यायचा.

ऑफिस भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात. हे पूर्ण नाव फक्त जीएसटीच्या कागदावर आणि कुरिअरच्या पाकिटावर. एरवी एमपी नगर, आणि लोक पुढे विचारतात ते एवढंच, झोन वन की झोन टू? आम्ही झोन टू, तिसरा मजला. खाली झेरॉक्स, वर कोचिंग, शेजारी कोचिंग, समोर कोचिंग. बोर्ड ऑफिस चौराह्यापासून ज्योती टॉकीजपर्यंत दर दुसऱ्या भिंतीवर कुणाचा तरी रँक आणि त्याखाली पासपोर्ट फोटो. या क्लासेसच्या ऑनलाइन टेस्ट ज्या सर्व्हरांवर चालतात, त्यांपैकी काही आम्ही सांभाळतो. शिवाय एक-दोन दवाखाने, एक पतसंस्था. रविवारी सकाळी टेस्ट, रात्री निकाल, आणि निकाल दिसला नाही की विदिशा, इटारसीहून आईबापांचे फोन. ते क्लासला विचारतात, क्लास आम्हाला, आणि आम्ही मुकादमाला.

एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू करायचा, याची युनिक्समधली जुनी रीत पहिल्यांदा ऐकताना चक्रमपणाच वाटते. दुसऱ्याला सरळ उभं करायचं नाही. आधी चालू असलेल्या प्रोसेसने स्वतःची हुबेहूब प्रत काढायची, याला म्हणतात फोर्क. क्षणभर दोन मुकादम होतात. दोघांच्या डोक्यात तेच, दोघांच्या हातात त्याच उघड्या फाइली, दोघे कोडच्या एकाच ओळीवर उभे. फरक फक्त एका आकड्याचा. फोर्कचं उत्तर म्हणून मुलाच्या हाती शून्य येतो आणि आईबापाच्या हाती मुलाचा नंबर. आपण कोण हे प्रत्येकाने त्या आकड्यावरून ओळखायचं. मग मुलाने एक्झेक म्हणायचं, म्हणजे आपलं सगळं पुसून टाकून डीएफ किंवा आरसिंक व्हायचं.

या दोन पायऱ्यांच्या मधे एक फट आहे आणि सगळी खुबी त्या फटीत आहे. प्रत निघाली आहे, पण ती अजून डीएफ झालेली नाही, आपलंच कोड चालवते आहे. तेवढ्यात तिला तयार करून घ्यायचं. तुझं बोलणं पडद्यावर नको, या नळीत टाक. अमुक फोल्डरमध्ये जाऊन उभा राहा. तुझ्याकडे रूटचे अधिकार आहेत, ते इथेच ठेव आणि साधा माणूस म्हणून जा. हे झालं की मग एक्झेक. डीएफला यातलं काही कळतही नाही. आपण पडद्याशी बोलतोय की नळीशी, याची चौकशी करायची त्याला गरज पडत नाही.

फोर्कची कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली. बर्कलीच्या प्रोजेक्ट जीनीमध्ये ती एका रूपात उतरली, आणि बर्कलीतच शिकलेल्या केन थॉम्पसन यांच्या हातून पुढे बेल लॅब्जच्या पीडीपी-७ या यंत्रावर आली. डेनिस रिची यांनी १९७९ साली त्या दिवसांची हकिगत लिहिली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पीडीपी-७ वरचा फोर्क असेम्ब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला. त्याआधी शेल, म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, प्रत न काढताच स्वतःला पुसून टाकायचा आणि तुमची आज्ञा व्हायचा. काम संपलं की शेलला पुन्हा नव्याने आणून बसवायचं. फोर्क आल्यावर शेल जागेवर राहिला आणि पोरं कामाला जाऊ लागली. सगळे खुशीत होते. आणि मग लक्षात आलं की फोल्डर बदलायची आज्ञा, सीएच-डीआयआर, चालेनाशी झाली आहे.

या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत आवडतो. त्यांनी कोड पुन्हा पुन्हा वाचलं. कोडमध्ये चूक नव्हती. सीएच-डीआयआर अगदी सांगितल्याप्रमाणे नव्या फोल्डरमध्ये जात होती. पण जात होती ती पोर. ती तिकडे जायची, काम झालं म्हणून संपायची, आणि शेल मात्र जिथल्या तिथे. पोराने जागा बदलली म्हणून बापाची बदलत नाही. शेवटी ती एक आज्ञा शेलच्या पोटातच घालावी लागली. आज तिचं नाव सीडी, आणि ती अजूनही तिथेच आहे.

आमच्याकडे एक पांढुर्ण्याचा मुलगा नवा लागला आहे. पांढुर्णा मध्य प्रदेशात, २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा, पण घरोघरी मराठी, आणि तीही नागपुरी वळणाची. आल्या आल्या त्याने मुकादमात एक काम लिहिलं. पहिल्या ओळीत सबप्रोसेस म्हणून सीडी, दुसऱ्या ओळीत टार. टारने भलत्याच फोल्डरचा गठ्ठा बांधला. मी त्याला रिचींची गोष्ट सांगितली, तो हसला आणि त्याला ते कायमचं कळलं. बेल लॅब्जच्या दिग्गजांनाही हेच नडलं होतं म्हटल्यावर पोरांना शिकणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट कळायला त्याला वेळ लागला. त्याची स्क्रिप्ट हाताने चालवली की चाले, रात्री आपोआप चालावी म्हणून क्रॉनमधून लावली की नाही. सकाळी लॉग कोरा. “ताई, मी टाइप केलं तं चालते, मंग क्रॉनमधून काऊन नाही चालत?” मी त्याला क्रॉनमधून फक्त एक काम लावायला सांगितलं, एन्व्हची, म्हणजे वारशाने मिळालेल्या एन्व्हायर्नमेंटची, यादी फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. मग त्याच्या खिडकीतली यादी आणि क्रॉनची यादी शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या खिडकीतली यादी लांबलचक. क्रॉनची चार-पाच ओळींची. पाथ या नावापुढे फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. त्याने बोलावलेली कमांड राहत होती /यूएसआर/लोकल/बिनमध्ये. क्रॉनला तो पत्ताच माहीत नव्हता.

पोराला जन्मताना काय मिळालं यावर तो काय करील हे बरंचसं ठरतं. आपण त्याला काय सांगितलं यावर फार थोडं. आज्ञा तीच, अक्षर न् अक्षर तेच. बदललं ते न सांगता सोबत गेलेलं गाठोडं, म्हणजे पाथ, होम, भाषा, उघड्या फाइली, अधिकार. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर कुणीतरी हौसेने हिंदी लावून ठेवली होती. तिथे फाइलींची यादी देणारा एलएस महिन्यांची नावं देवनागरीत छापू लागला, आणि इंग्रजी तीन अक्षरांत महिना शोधणारी जुनी स्क्रिप्ट दर रात्री एकही फाइल नाही असं प्रामाणिकपणे कळवत राहिली. माझी मराठीवर कितीही माया असली, तरी मुकादम दर पोराला पाठवताना एलसी-ऑल बरोबर सी असंच बांधून देतो. पोरांनी आपापसात कोणत्याही भाषेत बोलावं, मला उत्तर एकाच ठरल्या भाषेत हवं.

या गाठोड्यातून जगाला चोरवाट मिळाली होती, ती २०१४च्या सप्टेंबरात उघडकीस आली. बॅश हा शेल जन्मताच आपल्या वारशातले एन्व्हायर्नमेंटचे शब्द चाळतो. त्यांत कुणी फंक्शनची व्याख्या दिसेल असं काही लिहिलं आणि तिच्या शेपटाला एखादी आज्ञा जोडली, तर तो ती आज्ञा चालवूनही टाकत असे. हा दोष १९८९पासून तिथे होता. तो स्टेफान शाझेला यांनी शोधला आणि जगाने त्याला शेलशॉक नाव दिलं. वेबसर्व्हर येणाऱ्या पाहुण्याने स्वतःविषयी सांगितलेली माहिती एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून स्क्रिप्टला हाक मारायचे. म्हणजे पाहुण्याने आपलं नाव सांगण्याच्या जागी हुकूम सांगायचा आणि घरातल्यांनी तो पाळायचा. कुणी काही फोडलं नव्हतं. वारसा होता, तो मिळाला.

शेल मी शिकले ती यशवंत कानेटकरांच्या ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’वरून. ‘लेट अस सी’ लिहिणारे तेच, नागपूरचे कानेटकर. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा सचिवालयाच्या फाइलींबरोबर माझे आजोबाही आले. ते शेवटपर्यंत नागपूरच्या संत्र्यांपासून छापखान्यांपर्यंत सगळ्याला पहिला नंबर देत. कानेटकरांचं पुस्तक घरात आलं ते निम्मं त्याच वशिल्यावर. त्यामुळे शेलविषयी माझ्या मनात अजूनही जिव्हाळा आहे. बोटांखाली शेल असला की तारांकन टाकून शंभर फाइली उचलता येतात, एकाचं बोलणं नळीने दुसऱ्याच्या कानात घालता येतं. माणसाने स्वतः टाइप करावं आणि शेलने समजून घ्यावं, यासारखं सुख नाही.

पण प्रोग्रॅमने शेलला मधे घालून दुसऱ्याला हाक मारावी, हे मला पटत नाही, आणि याबाबत मी ऑफिसात खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. सी भाषेतलं सिस्टिम काय, पायथनमधलं जुनं ओएस-सिस्टिम काय, दोन्ही एक अख्खं वाक्य घेतात आणि शेलच्या हवाली करतात. शेल ते वाक्य तोडतो, खुणांचे अर्थ लावतो आणि मग काम सांगतो. आमच्या एका क्लासने उत्तरपत्रिकांच्या फाइलचं नाव ठेवलं होतं ‘फिजिक्स & मॅथ्स.सीएसव्ही’. नाव म्हणून त्यात गैर काही नाही. पण जीझिपपुढे हे नाव चिकटवून ते वाक्य शेलला द्या. मधली ती वळणदार खूण म्हणजे शेलच्या लेखी ‘इथवरचं काम मागे चालू दे आणि पुढचं घे’. म्हणून तो जीझिपला फिजिक्स नावाची फाइल शोधायला पाठवतो, ती नसतेच, आणि मॅथ्स.सीएसव्ही ही एक आज्ञा आहे असं समजून तिला शोधत फिरतो. ती सापडत नाही म्हणून १२७ हा आकडा घेऊन परत येतो. क्लासच्या बाईंनी नुसता अँड लिहिला होता.

याच्यावर उतारा म्हणजे वाक्य द्यायचंच नाही, यादी द्यायची. पहिला शब्द जीझिप, दुसरा शब्द हे अख्खं नाव, मधल्या खुणेसकट. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती यादी जशीच्या तशी जीझिपच्या हातात ठेवतो, मधे अर्थ लावणारं कुणी नाही. पीटर ऑस्ट्रँड यांच्या प्रस्तावावरून २००४ साली पायथन २.४ मध्ये सबप्रोसेस नावाचं मॉड्यूल आलं ते या वळणाचं. ओएस-सिस्टिम, पोपेन, स्पॉन असे पाच-सहा जुने दरवाजे होते, त्यांच्या जागी एकच दरवाजा, आणि त्यात शेल हवा असेल तर तुम्ही मुद्दाम मागायचा. न मागता मिळत नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं.

वाक्यांनी किती घरं बुडवली याची यादी मोठी आहे. २०११ साली बम्बलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये सगळं पुसणाऱ्या आरएम -आरएफ पुढच्या पत्त्यात /यूएसआर नंतर चुकून एक रिकामी जागा पडली. एका पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि ज्यांनी ज्यांनी ती चालवली त्यांचं अख्खं /यूएसआर गेलं. २०१५च्या जानेवारीत स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स स्क्रिप्टची गोष्ट अशीच. स्टीमचा फोल्डर हलवलेला असला की त्याचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल रिकामं राही, आणि मग ‘त्या फोल्डरमधलं सगळं पूस’ या आज्ञेचं ‘मुळापासून सगळं पूस’ होई. त्या ओळीच्या वरच लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक!’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. मला त्या अनोळखी माणसाविषयी राग येत नाही. भीती वाटली होती, टीपही लिहिली, पण जेवणाची वेळ झाली असणार.

२०१६च्या मे महिन्यातला इमेजमॅजिकचा दोष जास्त शिकवणारा आहे, कारण तिथे चूक टायपिंगची नव्हती. फोटो लहानमोठे करणारा हा प्रोग्रॅम, पण सगळे प्रकार त्यालाही वाचता येत नाहीत. अडलं की तो दुसऱ्याला बोलावतो. त्या बोलावण्याचं वाक्य आधीच छापून ठेवलेलं, मधे एक मोकळी जागा, तिथे आलेली लिंक भरायची आणि शेलला द्यायचं. लिंकमध्ये कुणी अवतरणचिन्ह आणि नळीची खूण पेरली की पुढचं सगळं हुकूम. फोटो चढवू देणाऱ्या कितीतरी वेबसाइटी त्या आठवड्यात रात्रभर जाग्या होत्या.

यादी दिली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. नावच उणे चिन्हाने सुरू होत असेल तर आरएमला ती फाइल वाटतच नाही, सूचना वाटते. म्हणून मुकादम नावांच्या आधी दोन आडव्या रेघा टाकतो, ‘सूचना संपल्या, यापुढे फक्त नावं’ या अर्थाच्या. आणि विंडोजमध्ये तर यादी जातच नाही. तिथला कर्नल एकच सलग ओळ घेतो आणि ती कशी तोडायची ते ज्याच्या त्याच्यावर सोडतो. बॅच फाइल असेल तर मधे तिथला शेल, सीएमडी, येऊन बसतो आणि आपले अर्थ लावतो. रस्टसारख्या काटेकोर भाषेलासुद्धा २०२४च्या एप्रिलमध्ये यासाठी दुरुस्ती काढावी लागली. यादी देणाऱ्यांना वाटत होतं की आपण यादी देतोय. वाटेत तिचं वाक्य होत होतं.

आता थांबण्याविषयी. पोर कामाला गेलं की आईबापाने वेट म्हणून थांबायचं आणि त्याचा निकाल विचारायचा. विचारलंच नाही तर पोर संपूनही संपत नाही. त्याची मेमरी गेलेली असते, हालचाल बंद असते, पण प्रोसेसच्या तक्त्यात त्याची ओळ राहते, स्थितीपुढे झेड आणि कंसात डिफंक्ट. याला झोंबी म्हणतात. नवशिके त्याला किल -९ मारत बसतात. मेलेल्याला काय मारणार? तो राहतो तो एका आकड्यासाठी, आपला निकाल कुणीतरी मागावा म्हणून. आईबाप आधी गेले तर क्रमांक एकची प्रोसेस त्या पोराला पदरात घेते आणि निकाल विचारून तक्ता साफ करते.

नुसतं थांबूनही भागत नाही, थांबताना ऐकायचंही असतं. पोराकडून येणाऱ्या नळीत लिनक्सवर साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. आईबाप ‘तू संपलास की मग वाचीन’ म्हणून वेटवर बसले आणि पोराला त्याहून जास्त बोलायचं असलं, की नळी तुंबते. पोर वाचणाऱ्याची वाट बघतं, वाचणारा पोराच्या संपण्याची. दोघेही जिवंत, दोघांचंही काही चुकलेलं नाही, सीपीयू शून्य टक्के. ही गोष्ट चाचणीत कधी सापडत नाही, कारण चाचणीत पोरं थोडकं बोलतात. दोन नळ्या असल्या, एक साध्या बोलण्याची आणि एक तक्रारीची, तर आणखी मजा. एकीकडे कान लावून बसलात तर दुसरी भरते. दोन्हीकडे एकदम कान ठेवावा लागतो, आणि मुकादमाचं कोड तिथेच सर्वांत किचकट आहे.

आणि निकालाचा आकडा. रँकच्या या मोहल्ल्यात सांगायला अवघड, पण इथे शून्य म्हणजे पास आणि बाकी २५५ तऱ्हेचे नापास. १२७ म्हणजे अशी आज्ञाच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही. शेलमधून विचारलं तर १३७ म्हणजे नवव्या सिग्नलने मारलं, १२८ अधिक ९. तेच मरण पायथनच्या सबप्रोसेसला थेट विचारलं तर तो उणे ९ सांगतो. शिवाय प्रत्येक घराण्याची आपली रीत. ग्रेप १ म्हणतो तेव्हा बिघडलेलं काही नसतं, शोधलेलं सापडलं नाही एवढंच. डिफ १ म्हणतो तेव्हा दोन फाइलींत फरक आहे. आरसिंकचा २४ म्हणजे यादी केली तेव्हा काही फाइली होत्या, न्यायला गेलो तेव्हा नव्हत्या.

एक ग्राहक आमच्याकडे आला तेव्हा आधीच्या माणसांनी केलेले रोजचे बॅकअप सोबत घेऊन आला होता. रोजची एक फाइल, नावात तारीख, लॉगमध्ये रोज यशस्वी. मी फाइलींचं वजन पाहिलं. सुरुवातीच्या फाइली व्यवस्थित जाडजूड, आणि एका तारखेपासून पुढे प्रत्येक फाइल २० बाइट. अगदी २०, रोज. रिकाम्या हवेला जीझिपमध्ये घातलं की तेवढंच भरतं. पीजी-डंपचं बोलणं नळीने जीझिपला जात होतं. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पीजी-डंप दारातूनच परत फिरू लागला. जीझिपला काहीच आलं नाही, तर त्याने ते काहीच नीट गुंडाळून ठेवलं आणि शून्य दिला. नळीने जोडलेल्या रांगेत शेल निकाल विचारतो तो फक्त शेवटच्याला. पाइपफेल नावाची एक सूचना आधी दिली तर मधल्या कुणाचंही नापास होणं वर कळतं, पण ती कुणी दिली नव्हती. जीझिप खोटं बोलला नाही. त्याला विचारलं तेवढं त्याने सांगितलं.

मारण्यातही जबाबदारी आहेच. मुकादम दर कामाला मुदत घालतो, आणि मुदत टळली की आधी पंधरावा सिग्नल, म्हणजे ‘आवर’, आणि थोड्या वेळाने नववा. पण कामाला पाठवलेलं पोर स्क्रिप्ट असेल तर तिने आरसिंकला बोलावलेलं असतं आणि आरसिंकने दुसऱ्या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या एसएसएचला. स्क्रिप्टला मारलं तरी नातवंडं चालूच. ती क्रमांक एकच्या पदराखाली जातात आणि टेस्टच्या सकाळी सर्व्हरची सगळी लाइन खात बसतात. म्हणून जन्मतानाच त्या फांदीचा गट वेगळा करायचा आणि मारताना सिग्नल गटाला द्यायचा. आपल्याकडे रस्ता खणताना कुणाच्या तरी फावड्याने फायबर तुटतं तेव्हा उलटा पेच. एसएसएच तुटला की त्या खिडकीतून निघालेल्या सगळ्यांना हँग-अपचा सिग्नल जातो आणि मध्यावर आलेलं काम मरतं. जे मरायला हवं ते जगतं, जे जगायला हवं ते मरतं. गट कुणाचा कुठे बांधला यावर सगळं अवलंबून.

मुकादमात एखादं नवं काम घालताना सुरू करण्याची ओळ एकच असते. बाकी पन्नासेक ओळी गाठोडं बांधण्याच्या, ऐकण्याच्या, मुदतीच्या, निकालाचा अर्थ लावण्याच्या. माझे वरिष्ठ म्हणतात, एवढं सगळं हाताने कशाला, अ‍ॅन्सिबल आणा. बरोबर आहे त्यांचं. मायकेल डीहान यांनी २०१२ साली सुरू केलेलं हे हत्यार आता जगभर वापरात आहे. त्यातही एका वेळी किती यंत्रांवर काम चालवायचं त्या सेटिंगचं नाव फोर्क्स आहे आणि न बदलल्यास ते ५ असतं. त्यात कमांड आणि शेल अशी दोन वेगळी मॉड्यूल आहेत आणि शक्य तिथे पहिलं वापरा असा सल्लाही आहे, हे वाचून मी वाद घालायचं सोडून दिलं. शिवाय कोणत्या कामाला नापास कधी धरायचं, हे लिहायला त्यात फेल्ड-व्हेन नावाची एक जागा आहे.

मुकादमातली निकालांची कोष्टकं त्या जागी नेण्याच्या कामावर पांढुर्ण्याच्या मुलाला बसवलं आहे. आरसिंकच्या २४वर येऊन तो अडला.

“ताई, हा पास धरू का नापास?”

“कुठल्या फोल्डरचा?”

“दोन जागी आहे. एक क्लासच्या पोरांच्या अपलोडचा, एक डेटाबेसच्या डंपचा.”

“अपलोडच्या फाइली पोरं स्वतःच खोडतात, तिथे पास. डंपच्या फोल्डरमधून फाइल मधेच गायब व्हायचं कारण नाही, तिथे नापास.”

“म्हंजे एकाच आकड्याचे दोन निकाल?”

“हो. आणि २३चंही बघ. तो दोन्हीकडे नापास.”